आधी तपासणी, मग त्याग



जैन घरात अन्नाचा विचार जितक्या बारकाईने होतो, तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. काय खावे, काय वर्ज्य करावे, सूर्यास्तापूर्वी का जेवावे, पाणी कसे गाळावे, हे मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच घरात कळलेले असते. त्यामुळे 'अमुक पदार्थ सोडा' असे कोणी सांगितले, तर हा समाज डगमगत नाही. सोडणे ही त्याची सवय आहे, किंबहुना साधना आहे. आजच्या विषयात मात्र हेच सामर्थ्य एका वळणावर अडचणीचे ठरते. एक व्याधी अशी आहे की, जिच्यात गहू आयुष्यभरासाठी सोडावा लागतो. परंतु तोच गहू तपासणीच्या आधी सोडला, तर व्याधी आहे की नाही हे कळण्याचा मार्गच बंद होतो. या व्याधीचे नाव सिलिॲक. ती केवळ लहान मुलांना होते असा समज दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात ती चाळिशीत, पन्नाशीत, साठीनंतरही प्रथम उघडकीस येऊ शकते.

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणिक मळल्यावर जो चिवटपणा येतो आणि ज्यामुळे पोळी पातळ लाटता येते, तो या प्रथिनाचाच गुण. बहुतेकांना ते निर्धोकपणे पचते. तथापि काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या प्रथिनामुळे चेतवली जाते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर आघात करू लागते. आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीसारखे अतिसूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. हे अंकुर हळूहळू झिजतात, आखूड होतात आणि शेवटी सपाट होतात. मग ताटात सकस अन्न असूनही लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि अन्य पोषकद्रव्ये शरीराला पुरेशी मिळत नाहीत. हा अपचनाचा साधा विकार नव्हे, आणि गव्हाची ॲलर्जीही नव्हे. त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच दिशाभ्रम आहे.

प्रौढ वयात ही व्याधी कशी दडून राहते, हे समजण्यासाठी इंदापूर तालुक्यातील अडतीस-चाळीस वर्षांची एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. ही कोणी विशिष्ट व्यक्ती नाही. केवळ उदाहरण आहे. तिला काही वर्षांपासून थकवा आहे. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास घुटमळते. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडे वाढते, थांबविल्या की पुन्हा उतरते. पोट कधी फुगते, कधी बिघडते, कधी महिनाभर काहीच तक्रार नसते. तोंड वारंवार येते. पूर्वी दोनदा गर्भपात झालेला आहे. पण त्याचा आणि पोटाचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. नातेवाईक म्हणतात, "चातुर्मासात पालेभाजी बंद, एरवीही शंभर पथ्ये, मग रक्त वाढणार कुठून?" आहार शाकाहारी आहे एवढ्या एका उत्तरावर सर्वांचे समाधान होते.

येथेच पहिली चूक होते. शाकाहारी व्यक्तीला लोहाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, हे खरे. परंतु त्याच स्वयंपाकघरातील, त्याच ताटात जेवणाऱ्या सासूबाईंचे आणि जाऊबाईंचे रक्त ठीक असेल आणि एकीचेच गोळ्या घेऊनही वाढत नसेल, तर दोष ताटात नसून शोषणात असू शकतो. योग्य प्रमाणात औषध घेऊनही न हटणारा रक्तक्षय हे प्रौढांतील सिलिॲकचे एक ठळक लक्षण आहे. काहींना जुलाब होतात, काहींना उलट बद्धकोष्ठ असतो. काहींना पोटाची तक्रारच नसते. कमी वयात हाडे ठिसूळ होणे, वंध्यत्व, यकृताच्या तपासणीतील अकारण वाढलेले आकडे, कोपर-गुडघ्यांवर उठणारे अतिशय खाजरे पुरळ, अशा वाटांनीही ही व्याधी प्रकट होते. लहानपणापासूनचा इन्सुलिनवरील मधुमेह आणि थायरॉईडचे स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्यांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळते.

आता त्या गृहिणीच्या कथेतील दुसरी चूक. बारामतीला दिलेली नणंद सुट्टीत माहेरी येते आणि आपुलकीने सांगते, "वहिनी, गहू सोडून बघा. माझ्या शेजारच्या काकूंना फार फरक पडला." चातुर्मास जवळ आलेला असतो. गृहिणी चार महिने गव्हाचा त्याग करण्याचा नियम घेते. दीड-दोन महिन्यांत पोट हलके वाटू लागते, थकवा कमी होतो. घरच्यांना वाटते, उत्तर सापडले. आता एकदा पुण्याला तपासून यावे. चातुर्मास संपल्यावरही ती गहू सुरू करीत नाही. अशा स्थितीत रक्त तपासले जाते आणि अहवाल येतो : सर्व काही ठीक. 'तुम्हाला सिलिॲक नाही' असे ऐकून ती परतते, हळूहळू पोळीवर येते आणि तक्रारीही परत येतात. आता तिला दुखणे सांगण्याचीसुद्धा लाज वाटते; कारण अहवाल तर चांगला आहे.

प्रयोगशाळा चुकलेली नसते. तपासणी ज्या खुणा शोधते, त्या गहू खाल्ल्यामुळेच निर्माण होतात. गहू बंद झाला की रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण काही आठवडे-महिन्यांत उतरू लागते आणि आतड्यातील अंकुरही सावरू लागतात. पावसाळा संपल्यावर ओढ्याला पूर आला होता का, हे कोरड्या पात्राकडे पाहून विचारण्यासारखे ते होते. म्हणून या विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य इतकेच आहे : सिलिॲकची शंका असल्यास तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नये.

हे ज्ञान मानवजातीला फार उशिरा मिळाले. लंडनचे वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या व्याधीचे नेमके वर्णन केले आणि उपाय झालाच तर तो आहारातूनच होईल, असे मत मांडले. परंतु कोणता आहार, हे त्यांना उमगले नव्हते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीत इतर मुले खंगत असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर करून गव्हाचा हा संबंध शास्त्रीय पातळीवर मांडला. त्यानंतर १९५४ साली इंग्लंडमधील डॉ. पॉली यांनी प्रौढ रुग्णांच्या आतड्यातील झिजलेल्या अंकुरांचे वर्णन केले. प्रौढांमधील व्याधी ही मुलांच्याच व्याधीची बहीण आहे, हे त्यातून स्पष्ट होत गेले.

भारतात ही व्याधी नाही, असा समजही पुष्कळ वर्षे टिकला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली राजधानी परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे ९६ व्यक्तींमागे एकास ही व्याधी आढळली. पुढे २०१६ साली २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७, तर दक्षिणेत केवळ ०.१० आढळले. विशेष म्हणजे या व्याधीला पोषक असा आनुवंशिक कल तिन्ही प्रदेशांत जवळपास सारखाच, म्हणजे साधारण तीनातील एका व्यक्तीत होता. फरक मोठा होता तो रोजच्या गव्हाच्या प्रमाणात. बीज सर्वत्र होते. गव्हाचे पाणी जेथे अधिक, तेथे ते अधिक उगवले.

या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना त्यातील अर्थ सहज कळावा. हा मुळात ज्वारी-बाजरीचा मुलूख. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले, ऊस आला, वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि कालव्याखालच्या रानात गहूही पिकू लागला. तरीही घराघरांत भाकरीच होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी आजच्या ज्येष्ठांना आठवत असेल. पोळी ही सणाची आणि पाहुण्यांची. ती रोजची झाली अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांत. गुजराती वळणाच्या जैन घरांत तर सकाळी खाकरा, दुपारी फुलके, सायंकाळी थेपले आणि मंगलप्रसंगी लापशी, असा गहू दिवसभर सोबत असतो. म्हणून 'हा उत्तरेकडचा आजार, आपल्याकडे कुठला' असे म्हणून शंका मोडीत काढणे उचित नाही.

आता तपासणीचा क्रम पाहू. पहिली पायरी रक्ताची. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए, संक्षेपाने टीटीजी, ही चाचणी प्रथम केली जाते आणि तिच्यासोबत रक्तातील एकूण आयजीएचे प्रमाणही मोजणे इष्ट असते. सिलिॲकच्या रुग्णांपैकी शेकडा दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंड मुळातच तयार होत नाही. त्यांची टीटीजी चाचणी व्याधी असूनही निर्दोष दिसते. अशांसाठी आयजीजी प्रकारची वेगळी चाचणी करावी लागते. रक्ताचा नमुना देण्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. तो तालुक्याच्या ठिकाणी देऊन मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. केवळ त्यासाठी पुण्याची फेरी करावी लागतेच असे नाही.

दुसरी पायरी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपीची. रक्तातील प्रतिपिंडे वाढलेली असल्यास, अथवा ती वाढलेली नसतानाही लक्षणे बळकट असल्यास, पोटविकारतज्ज्ञ तोंडावाटे बारीक लवचीक नळी घालून लहान आतड्याच्या पहिल्या भागाची पाहणी करतात आणि तेथील अस्तराचे कणाएवढे तुकडे काढतात. झीज सर्वत्र सारखी नसते. म्हणून एकच तुकडा पुरत नाही. किमान चार तुकडे पुढील भागातून आणि एक-दोन अगदी सुरुवातीच्या भागातून घेण्याची पद्धत आहे. नातेवाइकांनी 'किती तुकडे घेतले?' असे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. तपासणीपूर्वी साधारण सहा ते आठ तास पोट रिकामे लागते. ज्यांचा चौविहार आहे त्यांना सकाळची वेळ घेतल्यास ही अट मुळीच जड नाही. घशाला बधिर करणारा फवारा किंवा गुंगीचे औषध देतात. तुकडा घेताना वेदना होत नाही, कारण त्या अस्तराला तशी संवेदना नसते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास ते मात्र आधी सांगावे.

हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अंकुरांची झीज किती, हे १९९२ साली डॉ. मार्श यांनी मांडलेल्या श्रेणींनुसार नोंदविले जाते. अहवालात 'मार्श ३' असे आले, तर अंकुर बऱ्याच अंशी सपाट झाले आहेत असा अर्थ. मुलांमध्ये रक्तातील प्रतिपिंडे फारच वाढलेली असल्यास काही वेळा तुकड्याविना निदान करतात. प्रौढांमध्ये मात्र अजूनही बहुतेक तज्ज्ञ तुकड्याची तपासणी आवश्यक मानतात. भारतात त्यास विशेष कारण आहे. आतड्याचा क्षय, जिआर्डियासारखे जंतू, उष्ण कटिबंधातील स्प्रू नावाचा विकार, एवढेच नव्हे तर रक्तदाबावरील ऑल्मेसार्टन या औषधानेही अंकुर झिजू शकतात. क्षय असताना केवळ गहू सोडून बसणे जिवावर बेतू शकते. म्हणून रक्त आणि ऊती, दोहोंची साक्ष जुळली की निदान पक्के. शंका उरलीच तर एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही आनुवंशिक चाचणी उपयोगी पडते. परंतु तिचा उपयोग 'नाही' म्हणण्यापुरता. ती नकारार्थी आल्यास सिलिॲक जवळजवळ निश्चितपणे नाही. होकारार्थी आल्याने मात्र व्याधी सिद्ध होत नाही, कारण असा कल निरोगी लोकांतही विपुल आहे. केसांचा नमुना घेऊन किंवा शेकडो पदार्थांची यादी देऊन 'असहिष्णुता' सांगणाऱ्या जाहिराती चाचण्यांनी हे निदान होत नाही. त्यांवर पैसा खर्च करू नये.

ज्यांनी आधीच गहू सोडला आहे त्यांनी काय करावे? त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ पुन्हा गहू खावा लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांनी २०१५ साली सांगितले की, तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात ग्लुटेन असावे. एका मध्यम पोळीत साधारण दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. तेव्हा दोन्ही वेळच्या जेवणात एक-दोन पोळ्या, एवढेच याचे सरळ भाषांतर. हा काळ त्रासाचा असू शकतो. त्रास असह्य झाल्यास डॉक्टर कालावधी कमी करतात किंवा आधी आनुवंशिक चाचणी करून गव्हाची पुनर्परीक्षा टाळता येते का, हे पाहतात. पर्युषणातील किंवा दशलक्षण पर्वातील आठ-दहा दिवसांच्या उपवासांनी प्रतिपिंडे एकाएकी नाहीशी होत नाहीत. पण चार महिन्यांचा धान्यत्याग किंवा वर्षीतपासारखे दीर्घ तप सुरू असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. शक्य असल्यास तपासणी नियम घेण्यापूर्वीच उरकावी. तपाची माहिती देणे म्हणजे तपाची जाहिरात नव्हे. तो औषधोपचाराच्या नोंदीचाच भाग आहे.

यावर कोणी विचारील की, गहू सोडून बरे वाटते ना, मग चाचणीचा आग्रह कशासाठी? कारणे तीन आहेत. पहिले असे की, गव्हात ग्लुटेनखेरीज काही विशिष्ट शर्करा असतात आणि आतडे संवेदनशील असलेल्यांना त्यांमुळेही पोट फुगते. अशांना थोडा गहू चालतो. सिलिॲकच्या रुग्णाला चिमूटभरही चालत नाही. आपण कोणत्या वर्गात आहोत हे न कळल्यास एक तर अकारण जन्मभर पथ्य, नाही तर अर्धवट पथ्य आणि आतून चालू राहिलेली झीज. दुसरे, निदान पक्के झाल्यावर हाडांची घनता, थायरॉईड, जीवनसत्त्वे यांची पाहणी होते. उपचार न झालेल्या व्याधीत क्वचित आतड्याच्या विशिष्ट कर्करोगाचाही धोका असतो. तिसरे कारण कुटुंबाचे. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि अपत्ये यांच्यात ही व्याधी असण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक, दहा-बारा जणांत एक एवढी असते. एकीच्या निदानाने तिच्या मुलीचा रक्तक्षय वेळीच ओळखू येऊ शकतो. अंदाजाने सोडलेल्या गव्हातून घरातील इतरांना असा काही लाभ मिळत नाही.

निदान झाल्यावर मात्र त्याग संपूर्ण हवा, आणि येथे या भूमीचे एक भाग्य आहे. पाश्चात्त्य देशांतील रुग्णाला पावाला पर्याय शोधत दुकाने धुंडाळावी लागतात. इंदापूरच्या रुग्णाला आजीच्या परातीकडे परत जायचे असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा आणि सर्व डाळी यांत हे ग्लुटेन नसते. ज्वारीचे पदार्थ सिलिॲकच्या रुग्णांना चालतात, हे इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रयोगाने दाखविले. इंदापूरलगतच्या सोलापूर पट्ट्यातील शाळू तर भाकरीसाठी सर्वश्रुत आहे. छापील आहारपत्रकांत बटाटा, रताळे यांवर भर असतो. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी ते पाहून निराश होण्याचे कारण नाही. हिवाळ्यातील हुरड्यापासून बाजरीच्या खिचडीपर्यंत धान्यांचे वैपुल्य येथे आहे.

तरीही काही ठिकाणी फसगत होते, ती आधीच जाणून घ्यावी. पहिले ठिकाण हिंगाची डबी. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंग रोजचा. परंतु बाजारातील मिश्र हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. वेष्टनावरील घटक वाचून तांदळाच्या पिठाचा किंवा शुद्ध हिंग घ्यावा. दुसरे ठिकाण पिठाची गिरणी. गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरतेच; त्यासाठी घरघंटी उत्तम, आणि तीही गव्हाला न वापरलेली. तिसरे, खपली गहू. तो पचायला हलका समजला जातो. पण तो गहूच आहे आणि या रुग्णांना पूर्ण वर्ज्य आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई, सातूचे पीठ, जवाचे पाणी, माल्ट असलेली पेये, गहू घातलेली थालीपिठाची भाजणी, हे सारे त्याच यादीत. पोळपाट-लाटणे आणि तवा स्वतंत्र असावा. वेष्टनबंद पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिण्यासाठी भारतीय मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही; ती खूण पाहून घ्यावी.

सर्वांत अवघड असते ते पथ्य नव्हे, तर पंगत. स्वामीवात्सल्यात, प्रभावनेच्या वेळी, लग्नात 'एक घास तरी घ्या' हा आग्रह प्रेमापोटीच होतो. परंतु या रुग्णाच्या बाबतीत तो एक घास आतड्याला पुन्हा जखम करतो. जो समाज रात्रिभोजनत्याग करणाऱ्या पाहुण्यासाठी सूर्यास्तापूर्वी ताट वाढतो, कंदमूळ न खाणाऱ्यासाठी भाजी वेगळी ठेवतो, त्याला आणखी एक भाकरीचे ताट स्वतंत्र पळीने वाढणे कठीण का व्हावे? दुसऱ्याच्या शरीराला पीडा न देणे, ही शिकवण येथे पंगतीच्या वाढपापर्यंत आणता येते.

आता पुन्हा त्या इंदापूरच्या गृहिणीकडे वळू. असे समजू या की, वर्षभराने ती रक्तक्षयासाठीच बारामतीला एका डॉक्टरांकडे गेली. जुने सर्व अहवाल त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सगळे नॉर्मल आहे, पण मला बरे वाटत नाही." त्यांनी अहवाल बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, "ताई, हे रक्त दिले तेव्हा तुम्ही पोळी खात होता का?" हा प्रश्न तोवर कोणी विचारलेला नव्हता, आणि सांगण्यासारखे काही आहे असे तिलाही वाटले नव्हते. पुढचा मार्ग त्या एका प्रश्नाने उघडला. तेव्हा ती पोळी खातच होती. आणखी काही आठवडे दोन्ही वेळा नेमाने खाल्ली, रक्त पुन्हा तपासले, दुर्बिणीने तुकडे घेतले, आणि निदान झाले. नंतरचा त्याग तिला अवघड गेला नाही. कारण आता तो अंदाजाचा नव्हता.

डॉक्टरांनी हा प्रश्न विचारावाच. पण विचारला नाही तरी रुग्णाने आपण होऊन सांगावे : किती दिवसांपासून गहू खातो, कधी सोडला, कोणता नियम सुरू आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून रुग्णालय आहे. खासगी तज्ज्ञही आहेत. मार्ग लांबचा राहिलेला नाही. ज्यांच्या घरी कोणाचा रक्तक्षय वर्षानुवर्षे हटत नाही, कोणाची हाडे अकाली झिजत आहेत, कोणी 'माझे पोट असेच आहे' म्हणून सोसत आहे, त्यांनी एवढे करावे : पोळी चालू ठेवावी, डॉक्टरांना भेटावे, टीटीजी आणि एकूण आयजीए या चाचण्यांविषयी विचारावे. त्याग ही या समाजाची थोर शक्ती आहे. ज्ञानपूर्वक केलेला त्यागच श्रेष्ठ, असे मानणाऱ्या समाजाने ताटातील गहूही जाणून घेऊनच सोडावा.

जय जिनेंद्र.